नादार लिहा, ते खरं आहे

आम्ही गाव सोडलं ती वैशाखातली सकाळ होती. दिवस उगवला की लगेच चटका. माझ्या डोक्यावर लोखंडी पेटी. अनसूया, म्हणजे माझी बायको, तिच्या डोक्यावर भांड्यांचं टोपलं. आमची यमुना तेव्हा चौदा वर्षांची, तिच्या काखेत पुस्तकांचं गाठोडं. दर्यापूरचं स्टेशन दोन कोस, आणि तिथून मूर्तिजापूरला नेणारी छोटी गाडी. गावात कोणी बैलगाडी दिली नाही. मी मागितलीही नव्हती. मागितली असती तर 'नाही' म्हणायचं सुख त्यांना मिळालं असतं. ते मी कशाला देऊ?

माझी माय दारात बसून होती. ती येणार नव्हती. म्हणाली, "माहं हाड इथंच पडन. तू जाय. तुह्या बापानं जनमभर पाठ वाकवली, तू मान नको वाकवू. पण महिन्यातून एक खेप तोंड दाखवजो, नाही त अकोल्याले येऊन कान उपटीन."

शेजारच्या दारात माझा धाकटा भाऊ तुळशीराम उभा होता. आमचं आढं एकच होतं, मधे मातीची भिंत, दोन बाजूंना दोन चुली. त्याच्या पुढून पेटी घेऊन गेलो आणि मागं वळून पाहिलं नाही. लोक अशा वेळी मागं वळून पाहतात म्हणे. मी नाही पाहिलं.

तुम्ही गावात राहिलात ते, आणि माझ्यासारखं बिऱ्हाड उचलून अमरावती, अकोला, नागपूर, कुठं कुठं गेलात ते, तुम्हा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. मी चौथी शिकलो, तीही अर्धी. शुद्धलेखनाच्या चुका काढणाऱ्यानं खुशाल काढाव्यात. पण गावात अजून सांगतात की मी पोरीला शिकवायच्या हौसेपायी गाव सोडलं. हौस? हौसेपायी माणूस जत्रेला जातो. खरी गोष्ट काय होती ती एकदा नीट सांगतो.

नागपूरला दीक्षा घेतली तेव्हा आम्ही दोघं भाऊ बरोबर होतो. माय होती, बायका होत्या, पोरं होती. पांढरे कपडे एकाच हौदात धुतले होते. परत आल्यावर दोघांनी मिळून देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले. मेलेलं ढोर ओढायचं बंद केलं, गावकीची कामं बंद केली, भाकर मागत दारोदार फिरणं बंद केलं. गाव चिडलं. चिडू द्या म्हटलं. तुळशीराम माझ्यापेक्षा तिखट बोलायचा तेव्हा. पाटलाच्या माणसाला त्यानं सांगितलं होतं, "आमच्या हातानं आता तुमचं ढोर हालत नाही. तुमचे हात काय मेंदीचे आहेत?"

मग यमुना सातवी पास झाली. केंद्रात पहिली. तुळशीरामचा नामदेवही तिच्याच वर्गात, तोही पास. पुढं दर्यापूरचं हायस्कूल. आणि हायस्कूलला फी. मास्तर म्हणाले, काळजी करू नका, तुम्हा लोकांसाठी सरकारची स्कॉलरशिप आहे. अर्ज भरा, जातीचा दाखला जोडा.

मी आणि तुळशीराम दर्यापूरला गेलो. तिथला बाबू माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगतो. वाईट असता तर बरं झालं असतं, त्याला शिव्या देऊन मोकळा झालो असतो. त्यानं आमच्या अर्जावर नजर टाकली आणि पेन खाली ठेवलं.

"हे काय लिहिलं? बौद्ध?"

"व्हय."

"बाप्पा, बौद्धाले नाही मिळत. यादीत तुमच्या जातीचं जुनं नाव आहे. धर्म बदलला की यादीतून बाहेर. वरून हुकूम आहे."

मी म्हणालो, "धर्म बदलला, घर त तेच आहे न? विहीर तीच आहे न? आमाले शिवत नव्हते ते आता शिवून राह्यले का?"

बाबू म्हणाला, "ते मले कळते. पण रकान्याले कळत नाही. एक शब्द आहे, भाऊ. जुनं नाव लिहा अन् पैसे घ्या. मनात बुद्ध ठेवा. कोण पाहाले येते?"

"मन का गोदाम आहे?" मी म्हणालो. "एक वस्तू आत, दुसरी दुकानावर?"

तो हसला. तुळशीराम नाही हसला. त्यानं बाबूकडून कोरा अर्ज मागून घेतला आणि माझ्यादेखत, त्याच टेबलावर, ते जुनं नाव लिहिलं. ते नाव मी इथंही लिहिणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळतं, आणि न कळलेल्यांचं काही अडत नाही. त्या नावाच्या दाखल्यावर पाटलाची सहीही त्याला लगेच मिळाली. उलट पाटील खूश झाला. "पाहा," म्हणे, "कपडा धुतला तरी अंग तेच राह्यते."

येताना रस्त्यात आम्ही भाऊ भांडलो. कापसाचं वावर होतं दोन्ही बाजूंना, माणूस कोणी नाही, म्हणून मनसोक्त भांडलो.

तो म्हणाला, "भाऊ, पोराची फी हाये. तुले काय, तुही पोट्टी आहे. दोन वर्सानं लगन लावून देशीन."

मी म्हणालो, "माही पोट्टी तुह्या पोरापेक्षा जास्त मार्कानं पास आहे."

"मंग लिही न तिच्यासाठी."

"खोटं लिहू?"

"खोटं कसं? कालपरवापर्यंत तेच होतो."

"कालपरवापर्यंत तू आंगडं-टोपडं घालत होता. आता घालतो का?"

त्या दिवसापासून मधली भिंत खरी भिंत झाली. एका आढ्याखाली राहून आम्ही वर्षभर बोललो नाही. माय दोन्ही चुलींवर जाऊन दोघांनाही शिव्या द्यायची.

पोरं मात्र बोलायची. यमुना आणि नामदेव रोज बरोबर दर्यापूरला पायी जायची, बरोबर यायची. स्कॉलरशिपच्या पैशात नामदेवला नवी पुस्तकं मिळाली, ती यमुना वाचायची. तिचं वाचून झालं की ती त्याला समजावून सांगायची, कारण त्याला गणित येत नव्हतं. बापांच्या भांडणाचं त्यांना काही सोयरसुतक नव्हतं. यमुनेची फी मी बकरी विकून, अनसूयेच्या पाटल्या विकून भरली. ते सोडा. तेवढं कोणीही बाप करतो.

पण त्या शाळेत एक रीत होती. स्कॉलरशिपचे पैसे आले की वर्गात मास्तर जातीचं नाव मोठ्यानं घेऊन सांगायचे, अमक्या जातीची मुलं उभी राहा. मग नामदेव उभा राहायचा. अख्खा वर्ग यमुनेकडे पाहायचा, कारण ती त्याची चुलतबहीण हे सगळ्यांना माहीत. एकदा मास्तरांनीच विचारलं, "काय ग, तू उभी राहत नाहीस?" ती बसल्या जागेवरून म्हणाली, "मी ते नाही." मास्तर म्हणाले, "मग काय आहेस, ब्राह्मण?" वर्ग हसला. हे मला यमुनेनं सांगितलं नाही, नामदेवनं सांगितलं. सांगताना तो रडत होता. त्याला उभं राहायला लाज वाटत होती आणि तिला बसून राहायची शिक्षा होत होती. दोन्ही पोरं आमचीच. सांगा आता, हा रकाना कोणी आखला? मला त्याचं नाव कधी कळलं नाही, नाहीतर मी त्याच्या घरी जाऊन बसलो असतो.

मग मी दुसरी मदत शोधायला निघालो. अमरावतीला मोठमोठे ट्रस्ट आहेत, सेठ लोक पोरांना शिकवतात, असं कोणी तरी सांगितलं. मी मजुरीचा दिवस बुडवून अमरावतीला गेलो. एकदा नाही, पुष्कळदा. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच. पोरगी किती हुशार, हे कोणी विचारलं नाही. कोणत्या समाजाचे, हे सगळ्यांनी विचारलं. या जातीचं वसतिगृह त्या जातीला नाही, त्या जातीचा फंड या जातीला नाही. सगळ्यांच्या भिंतीवर महापुरुषांच्या तसबिरी आणि तसबिरींखाली हा कारभार. मी म्हणायचो, बौद्ध. समोरचा माणूस चष्म्यावरून पाहायचा आणि म्हणायचा, "म्हणजे पूर्वीचे कोण?" पूर्वीचे कोण! पूर्वीचा मी माझ्या मायच्या पोटात होतो, तिथं जाऊन विचार.

एका ठिकाणी फक्त 'गरीब व होतकरू विद्यार्थ्यांसाठी' एवढंच लिहिलं होतं. जात नाही, काही नाही. मी आनंदानं आत गेलो. मुनीमानं सगळं ऐकलं, मार्कांचा कागद पाहिला, म्हणाला ठीक आहे. मग म्हणाला, "सेठजींच्या वाढदिवसाला मंडपात यावं लागेल. स्टेजवर चढून सेठजींच्या पायावर डोकं ठेवायचं. फोटो निघतो."

मी म्हणालो, "पाया पडणं आमी सोडलं आहे."

मीच पुढं विचारलं, "पोट्टी हात जोडून उभी राहीन त चालन का?"

"नाही. बाकीची पोरं पडतात."

"मंग आमच्यानं नाही होत."

मुनीम म्हणाला, "पाया पडणं सोडलं, तर मग पैसेही सोडा." आणि पुढच्या माणसाला बोलावलं. बरोबर होतं त्याचं. त्याच्या मालकाला दान करायचं नव्हतं, पाया पडून घ्यायचं होतं, आणि त्या मालाचा जो भाव चालू होता तो त्यानं सांगितला.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात यमुनेनं स्वतःच एक मार्ग शोधून काढला. अमरावतीला एका वाचनालयाची वक्तृत्व स्पर्धा होती, जिल्ह्यातल्या हायस्कूलच्या मुलामुलींसाठी. पहिलं बक्षीस म्हणजे पूर्ण वर्षाची फी आणि पुस्तकं. विषय होता, माझा गाव. त्यात जातीचा रकाना नव्हता, नाव आणि शाळा एवढंच. मला पटलं. इथं कोणाच्या पायावर डोकं ठेवायचं नाही, फक्त तोंड चालवायचं, आणि तोंड तर तिनं माझं घेतलं होतं.

हायस्कूलच्या एका मास्तरांनी तिला भाषण लिहून दिलं. पहाट, कोंबड्याची बांग, देवळातली घंटा, बैलांच्या गळ्यातली घुंगरं. तिनं ते शाळेच्या वाटेवर चालता चालता पाठ केलं. नामदेव हातात कागद धरून तपासायचा. इतक्यांदा ऐकून ऐकून नामदेवलाही ते पाठ झालं होतं. माय म्हणायची, "हे कोण्या गावाचं आहे व? चांगलं दिसते. तिथं जाऊन राहू."

स्पर्धेच्या दिवशी मी तिला घेऊन गेलो. मोठा हॉल, पंखे, खुर्च्या. मी मागं उभा राहिलो. समोर तीन परीक्षक बसले होते, दोन पुरुष आणि एक बाई. यमुनेच्या आधी जितकी पोरं बोलली त्या सगळ्यांच्या गावात कोंबडा आरवत होता आणि चांदणं पडत होतं. यमुना उभी राहिली. पहाट झाली, कोंबडा आरवला, घंटा वाजली. मग ती थांबली. मला वाटलं विसरली.

ती विसरली नव्हती. ती म्हणाली, "आमच्या गावात एक विहीर आहे. तिचं पाणी फार गोड आहे, असं म्हणतात. मी त्या विहिरीत कधी वाकून पाहिलं नाही. माझी आई काठावरून दूर उभी राहते आणि कोणी दया केली तर तिच्या घागरीत वरून पाणी ओततात. घागर भरेपर्यंत ती मान खाली घालून असते. म्हणून आईनंही ती विहीर पाहिलेली नाही." पुढं ती आणखी बोलली, ते मला नीट आठवत नाही. मला तिचा अभिमान वाटत होता आणि भीतीही वाटत होती, आणि दोन्हीचा मिळून मला राग आला होता. तेव्हापासून आजवर तो गेलेला नाही.

तिला बक्षीस मिळालं नाही. एक परीक्षक निकाल सांगताना म्हणाला, काही स्पर्धक भावनेच्या भरात विषय सोडून गेले. विषय होता माझा गाव. ती गावाबद्दलच बोलली होती. आमच्या गावात विहीर नसती तर ती विषय सोडून गेली असती. पहिलं बक्षीस ज्या पोराला मिळालं त्याच्या गावात कोकिळा होत्या.

पायऱ्यांवर आम्ही बसलो होतो, गाडीची वाट धरायच्या आधी थोडं पाणी प्यायला. मागून त्या परीक्षक बाई आल्या. अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. पांढरं लुगडं, पायात चपला, आवाज कडक. म्हणाल्या, "मी तुमच्या मुलीला पहिला नंबर दिला होता. बाकी दोघांनी दिला नाही. ते मला बदलता आलं नाही." मग म्हणाल्या, "अकोल्याला आणा तिला. माझ्या शाळेत फी माफ करून देईन. नादारी मिळेल."

मी विचारलं, "जात काय लिहा लागन?"

"नादारीला जात लागत नाही. उत्पन्न लागतं. तुम्ही नादार आहात असं लिहून द्यावं लागेल. म्हणजे गरीब. फी भरायची ऐपत नाही असं."

त्यांना वाटलं असेल, हा ताठ माणूस, या शब्दाचाही राग धरील. मी म्हणालो, "नादार लिहा. ते खरं आहे."

हे मी पुन्हा सांगतो, कारण माझ्याच लोकांनी मला हेकट म्हटलं, मूर्ख म्हटलं, पोरीचं नुकसान करणारा म्हटलं. मला मदत घ्यायची लाज नव्हती. मी गरीब होतो. गरीब लिहून घ्या, दहा वेळा लिहून घ्या, अंगठा हवा तर अंगठा देतो. पण जे मी टाकून दिलं ते पुन्हा अंगावर घाल, तर पोरीला वही देतो, हा सौदा मला मंजूर नव्हता. यात न कळण्यासारखं काय आहे?

आम्ही गावात पोचायच्या आधी ती विहीर गावात पोचली होती. कोणाचा तरी मेहुणा त्या हॉलमध्ये होता. पाटलानं मला चावडीवर बोलावलं.

"तुह्या पोट्टीनं भर सभेत गावाचं नाक कापलं. एवढी का तहान लागली होती तिले, अमरावतीले जाऊन पाणी मागून राह्यली?"

मी म्हणालो, "पाटील, ती खोटं बोलली का?"

"खरं-खोटं मले नको सांगू. गावाची गोष्ट गावात राह्यते."

"गोष्ट गावात राह्यते, अन् आमी काहून गावाबाहेर राह्यतो?"

दुसऱ्या दिवसापासून आमच्या मोहल्ल्याला वावरात काम बंद. कापूस वेचायचे दिवस, फुटलेली बोंडं झाडावर लोंबत होती, पण आमच्या बायांना कोणी बोलवेना. माझं एकट्याचं नाही, सगळ्यांचं काम बंद. तुळशीरामचंही. वर्षभरानंतर तो माझ्याशी बोलला ते तेव्हाच.

"तुह्या पोरीच्या जिभेपायी माह्या लेकरायच्या पोटावर पाय आला. आता खाय तुही इमानदारी. शिजव अन् खाय."

त्याची मधली पोरगी कांता तेव्हा लहान होती, भुकेनं रडायची, ते भिंतीपलीकडून ऐकू यायचं. उन्हाळा लागला तरी काम मिळेना, तेव्हा मोहल्ल्यातले जाणते लोक बसले आणि मला सांगून गेले, तू पाटलाकडं जा, माफी माग, पोरीला घेऊन जा, तीही मागेल. मी अनसूयेला विचारलं. ती चुलीपुढून म्हणाली, "माफी मांगाले गेले त परत घरात येऊ नका." मग आम्ही तिघांनी जायचं ठरवलं. आम्ही गेलो की पाटलाचा राग थंडावेल, बाकीच्यांना काम मिळेल, हेही त्यात होतं. आणि मिळालंही. आमची पाठ फिरल्यावर आठवड्यात काम सुरू झालं. अशी ही हौस.

अकोल्याला मी एका जिनिंगमध्ये लागलो. रुईच्या गठाणी पाठीवर वाहायच्या. मुकादम, हजेरी, भोंगा, पाळी, हे शब्द तिथं शिकलो. गावात दिवस डोक्यावर आला की कळायचं, इथं भोंगा सांगायचा तेव्हा दुपार. रुईचे तंतू नाकात, घशात. रात्रभर खोकला. खोली मिळवायला मालकानं आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग गावात कोणत्या बाजूला घर, तेही विचारलं. शहरात जात नसते असं कोणी सांगत असेल तर त्याला माझ्याकडे पाठवा. जात शहरातही असते, फक्त घाईत असते.

पण एक गोष्ट सांगतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नगरपालिकेचा नळ होता. पहिल्या दिवशी अनसूया पाण्याला गेली आणि बराच वेळ आली नाही. मी काळजीनं बाहेर पडलो तर ती समोरून हसत येत होती. पदर ओला, केस सुटलेले.

"काय झालं व?"

"भांडून आली."

"कोणाशी?"

"काय माहीत कोण होती. तिनं माही बादली ढकलली." आणि ती हसायला लागली. "हातानं ढकलली! माही बादली, तिनं आपल्या हातानं ढकलली!"

तिला ते हसू आवरेना. मी तिथं गल्लीत उभा राहून रडलो. मग पुढची वीस वर्षं ती त्या नळावर रोज भांडली, आणि एकही दिवस हरली नाही.

यमुनेला नादारी मिळाली. दरवर्षी नवा अर्ज, दरवर्षी तलाठ्याचा, मुकादमाचा दाखला की हा माणूस नादार आहे. दरवर्षी मी छाती काढून तो दाखला आणायचो. शाळेत बाई कडक होत्या, पण त्या वर्गात कोणालाही जातीवरून उभं करत नसत. यमुना मॅट्रिक झाली. तोवर महाराष्ट्र राज्य झालं होतं आणि राज्यानं सवलतीच्या यादीत नवा रकाना काढला होता, नवबौद्ध. मास्तरकीच्या ट्रेनिंगला तिला स्कॉलरशिप मिळणार होती. मी चिडलो. "नव काहून? घराले चुना मारला त दोन दिवाळ्या ते नवं म्हणतात. आमी किती दिवाळ्या नवे राह्याचं?"

यमुना म्हणाली, "बाबा, यात खोटं आहे का?"

"खोटं नाही. पण अर्धवट आहे."

"मग तुमी शंभर वर्षं जगा अन् जुने व्हा. मी अर्ज भरते." आणि तिनं भरला. तिचा अर्ज होता, मी कोण बोलणारा.

ती शिक्षिका झाली. अकोल्यातच नोकरी लागली. मधल्या काळात मी महिन्यातून एकदा गावी जायचो, मायकडं बसायचो, भिंतीपलीकडं जायचो नाही. माय गेली तेव्हा तुळशीराम आणि मी तिला दोन बाजूंनी खांदा दिला, पण एकमेकांकडं पाहिलं नाही. नामदेव तेव्हा भेटला. त्या जुन्या दाखल्यावर तो पुढं सरकारी नोकरीत लागला होता. चांगला पोरगा. पण त्याच्या कागदावर ते नाव कायमचं बसलं. नोकरी हवी तर कागद हवा, कागद हवा तर ते नाव हवं. अजून विहारात तो मागच्या रांगेत बसतो. त्याला कोणी मागं बसवत नाही, तोच बसतो. याचाही हिशेब कोणाकडं मागू?

मग एका जून महिन्यात तुळशीराम अकोल्याला आला. सोबत कांता, सातवी पास झालेली. रविवारची दुपार, यमुना घरी होती. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला. मी खाटेवर होतो, उठलो नाही. अनसूया म्हणाली, "आत या न भाऊजी, घर काय भाड्यानं घ्याले पाहून राह्यले?"

तो आत आला, खाली बसला. म्हणाला, "पोरीले इथं ठेवाची आहे. शिकाले."

यमुना उठली, शाळेचा अर्ज आणला, पेन घेतलं, कांताला जवळ बसवलं. नाव, जन्मतारीख, गाव लिहिलं. मग तिनं पेन थांबवलं आणि विचारलं, "काका, इथं काय लिहू?"

तुळशीराम माझ्याकडं पाहत राहिला. मग म्हणाला, "आपण हाओत ते लिही. बौद्ध."

इतक्या वर्षांचं सगळं माझ्या तोंडात आलं. "आता लिहितो!" मी ओरडलो. "आता फुकट आहे म्हणून लिहितो!"

तुळशीराम ओरडला नाही. तो म्हणाला, "व्हय भाऊ. आता फुकट आहे म्हणून लिहितो. तवा महाग होतं. मले परवडलं नाही. तुले परवडलं, तू मोठा."

यमुनेनं लिहिलं. कांताचं डोकं खाली होतं. मी उठून बाहेर गेलो, गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. तो चुकला असं मी तेव्हा म्हणत होतो आणि अजून म्हणतो. पण गरीब माणसापुढं खरेपणाला भाव लावून ठेवणारा जो कोणी होता, त्यानं दोन भावांना एका टेबलापुढं उभं केलं आणि म्हणाला, बोला, कोण घेतो? मी घेतलं, आणि पोरीचं गाव गमावलं. तुळशीरामनं घेतलं नाही, आणि पोराचं नाव गमावलं. त्या टेबलामागं जो बसला होता त्याचं काहीच गेलं नाही. माझा राग तिथं आहे. मरेपर्यंत तिथंच राहील, तो मी कोणाला देणार नाही.

कांता आमच्याकडं शिकली. तिच्यामागून मोहल्ल्यातली आणखी पोरं-पोरी आली. एकदा तर दोन खोल्यांत इतकी पोरं झोपायची की मी पाळीवरून आलो की पाय ठेवायला जागा शोधायचो. यमुना त्यांच्यासाठी स्कॉलरशिपा शोधते, स्पर्धा शोधते, नादारीचे अर्ज भरून देते, आणि कोणी लाजलं तर माझ्याकडं पाठवते. तुळशीरामही अधूनमधून येतो. आम्ही भांडतो. शेजारी म्हणतात, तुमचे भाऊ आले वाटतं.

गावची विहीर आता सगळ्यांना खुली आहे म्हणतात. बरं झालं. मी पाहायला गेलो नाही. तुम्ही मला बोलावता, गावच्या शाळेत सत्कार करू म्हणता, यमुनेला 'आपल्या गावची लेक' म्हणता. ती तेव्हाही गावचीच लेक होती. हे उशिरा सुचलं, त्याचा सत्कार मला नको.

माझं घर कोणतं, असं कोणी विचारलं तर मला तुमच्यासारखं पटकन सांगता येत नाही. त्या मातीच्या भिंतीचं नाव तोंडात येतं आणि परत जातं. एवढंच सांगतो. जून लागला की तुमच्यातलं कोणी तरी लेकरू दप्तर घेऊन माझ्या दारात येतं, यमुनेपुढं बसतं, आणि राहण्याचा पत्ता असं जिथं छापलेलं असतं तिथं या गल्लीतल्या माझ्या खोलीचा नंबर लिहितं. लिहिताना ते कोणाकडं पाहत नाही, कोणाला विचारत नाही. लेकरं पाठवत जा. तुम्हाला मी माफ केलेलं नाही, पण लेकरं पाठवत जा.